उभी राहून राहिली

ज्या सोमवारी आमच्या गटाचा उमेदवार ठरायचा होता, त्या सोमवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी शैला गेली. ती कूलरच्या टाकीत पाणी भरत होती. टाकी भरून पाणी गॅलरीत आलं. तेव्हा मी उठलो.

त्याला चार वर्षं झाली. या आठवड्यात गल्लीतले कूलर पुन्हा माळ्यांवरून खाली आले आहेत. नव्या खसच्या ताटीवर पहिल्यांदा पाणी पडलं की जो वास सुटतो, तो मला एके काळी फार आवडायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात आवडण्यासारखं जे थोडं आहे, त्यात तो वास होता. आता तो आला की मला निवडणूक आठवते, आणि निवडणूक आठवली की माझी चिडचिड होते. दुःखाबरोबर इतकी चिडचिड येते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आलो, पण पुस्तकांतली शोक करणारी माणसं बहुधा एकटी असतात. खिडकीशी बसतात, बाहेर बघतात. त्यांच्या दारात तिसऱ्या दिवशी घटनेचं कलम सात घेऊन कोणी येत नाही.

घटना म्हणजे आमच्या वाचनालयाची. सक्करदऱ्याच्या तलावापासून चालत पाच मिनिटांवर, दोन खोल्या आणि एक हॉल, दारात कडुनिंब. दर चार वर्षांनी तिथे अध्यक्षाची निवडणूक होते, आणि त्यासाठी आमचे दोन गट आहेत: सकाळचे आणि संध्याकाळचे. सकाळचे म्हणजे सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे, संध्याकाळचे म्हणजे तेच वर्तमानपत्र संध्याकाळी वाचणारे. दोघांमध्ये तत्त्वाचा फरक काय, हे तीस वर्षांत मला कळलेलं नाही. आम्ही सकाळचे लोक पंखा तीनवर ठेवतो, संध्याकाळचे पाचवर, एवढं मी नक्की सांगू शकतो. प्रत्येक गट आपला एक उमेदवार उभा करतो. पण तो एक कोण, हे आधी गटातल्या गटात ठरावं लागतं, आणि खरी भांडणं होतात ती तिथे. परक्या गटाशी माणूस जरा सभ्यपणाने वागतो. आपल्यांशी तशी गरज वाटत नाही.

हे ठरवायची आमची रीत जुनी आहे. इच्छुकाने वाचनालयातलं एक पुस्तक निवडायचं. ती पुस्तकं घड्याळाखालच्या टेबलावर आठ दिवस पडून राहतात. गटातल्या ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या पुस्तकात त्याने आपलं वाचक कार्ड वरून सरकवायचं. नवव्या दिवशी कार्डं मोजायची. पूर्वी म्हणे चिठ्ठ्या टाकायचे, पण अक्षर ओळखून रुसवेफुगवे व्हायला लागले, म्हणून कोणीतरी ही कार्डांची युक्ती काढली. कार्डावर तर नावच असतं. म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये म्हणून आम्ही सरळ नाव द्यायला लागलो. ही विसंगती मी एकदा सभेत उभं राहून दाखवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि रीत तशीच ठेवली. मात्र एक कबूल केलं पाहिजे. त्या आठ दिवसांत टेबलावरचं पुस्तक कोणी उघडत नाही. हॉलमध्ये मोठ्याने बोलू नये, वर्तमानपत्राची पानं वेगळी करू नयेत, हे कुठलेही नियम न पाळणारी माणसं हा एक नियम पाळतात.

आमची मुलगी अमेरिकेत असते. तिला फोनवर मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बाबा, ही तर प्रायमरी झाली. इथे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी अगदी हेच चालतं, एकाच पक्षाची माणसं महिनोन् महिने एकमेकांची उणीदुणी काढत बसतात. मी ते भास्करला सांगितलं, भास्करने गटाला सांगितलं, आणि गटाला तो शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवसापासून सगळे प्रायमरी, प्रायमरी करायला लागले. आमच्याकडे प्रायमरी म्हणजे चौथीपर्यंतची शाळा. त्यामुळे अमुक प्रायमरीत पास होईल का, तमुकला प्रायमरीतच बसवून ठेवा, असे विनोद सुरू झाले आणि ते संपता संपेनात. मी चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्या विनोदांनी मला माझ्या वर्गातल्या मागच्या बाकाची आठवण येत असे, इतकंच.

चार वर्षांपूर्वी प्रायमरीत तिघं होते. पहिले उमाठे साहेब, निवृत्त अभियंते. ते प्रत्येक वाक्याआधी ‘टेक्निकली’ म्हणतात. दुसरा भास्कर, माझा शाळेपासूनचा मित्र, अख्ख्या सक्करदऱ्याला नावाने ओळखणारा. आणि तिसरी शैला, माझी बायको.

शैला का उभी राहिली हे सांगायला हवं, कारण त्या आठ दिवसांच्या चर्चेत ती एकच गोष्ट कोणी बोललं नाही.

दुपारी दोन ते चार वाचनालय पूर्वी बंद असे. त्या वेळात ऊन असं असतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण आमच्या भागात घरकामाला येणाऱ्या बायका असतात. सकाळची कामं दीडला संपतात, संध्याकाळची चारला सुरू होतात. घर दूर, जाण्यायेण्यात वेळ जाणार, म्हणून त्या कुठेतरी जिन्याखाली, कुठल्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहत. शैलाने वाचनालयाची किल्ली मागून घेतली आणि दोन ते चार दार उघडायला लागली. पहिले काही महिने बायका पंख्यासाठी आल्या. ती काही बोलली नाही. टेबलावर रंगीत चित्रांची मासिकं टाकून ठेवायची आणि स्वतः पुस्तकांना कव्हरं घालत बसायची. मग मासिकं चाळली जाऊ लागली. मग कुसुम नावाची एक जण चित्राखालची ओळ बोट ठेवून वाचायला लागली. पुढे ती रोज एक पान वाचायची आणि पान संपलं की कोपरा मुडपून ठेवायची. मुडपलेला कोपरा मला बघवत नाही. मी शैलाला म्हणालो, तिला सांग ना, खूण ठेवायला कागद घेत जा. शैला म्हणाली, काहून? तिनं दुमडलेले कान मोजले की तिले कळते किती वाचून झालं.

ती भिवापूरची. मिरचीच्या गावची. तीस वर्षं माझ्यासोबत राहून तिची बोली बदलली नाही, आणि तीस वर्षं तिच्यासोबत राहून माझी खोड गेली नाही. मी चुका काढायचो. रागाने नाही, सवयीने. तिचं ‘मले’ ऐकलं की माझ्या हातात आपोआप लाल पेन यायचं. तिला त्याचं काही वाटत नसे, असं मी धरून चाललो होतो.

उमाठे साहेबांनी जाहीर केलं की आपण अध्यक्ष झालो तर दोन ते चार हॉलमध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका होईल. यात वाईट काही नव्हतं. मुलांनाही जागा नाहीतच. पण त्या वेळात हॉल रिकामा असतो, असं त्यांनी ठोकून दिलं, आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही. सकाळी येणाऱ्या माणसांना दुपारचं काय दिसणार?

त्याच दिवशी चारनंतर शैला घरी आली. पदराने कपाळ पुसत उंबऱ्यातच थांबली. मी वाचत होतो.

‘‘ऐकून राहिले का?’’ ती म्हणाली. ‘‘मी उभी राहून राहिली.’’

मी पुस्तकातून वर पाहिलं.

‘‘अध्यक्षासाठी. दुपारी अभ्यासिका झाली त बाया कुठं जातीन? म्हणून मी उभी राहून राहिली. तुम्ही देसान नं मले कार्ड?’’

आणि मी म्हणालो, ‘‘दोनदा राहायची काय गरज आहे? उभी राहते आहे, एवढं पुरतं.’’

ती हसली. खरंच हसली. म्हणाली, ‘‘तुमच्या मराठीत एकदा राहून भागत असन. आमच्या इकडं दोनदा राहा लागते.’’ आणि आत जाऊन तिने चहा टाकला.

प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर ठेवायला शालेय व्याकरणाचं एक जुनं पुस्तक निवडलं. पाठकणा सुटलेला होता, तो तिनेच कधी तरी शिवला होता. भास्करने जगाचा नकाशासंग्रह ठेवला, कारण तो सगळ्यात मोठा दिसतो. उमाठे साहेबांनी कायद्याचं पुस्तक. हेच पुस्तक का, असं भास्करने शैलाला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली की जिथं माझ्या चुका सापडतात तिथंच पडू द्या माझी कार्डं. सगळे हसले. मीही हसलो.

मग सुरू झाली चर्चा. ती आमच्याच गॅलरीत व्हायची, कारण गॅलरीला सावली आहे आणि शैलाचा चहा चांगला होता. म्हणजे उमेदवाराच्या घरी बसून, उमेदवाराच्या हातचा चहा पीत, लोक उमेदवारावर बोलत. शिवाय त्याच दिवसांत तिच्या भावाने भिवापूरहून मिरच्या पाठवलेल्या असत. गॅलरीभर जुन्या चादरींवर त्या पसरलेल्या असायच्या, आणि शैला येणाऱ्या प्रत्येकासमोर एक सूप सरकवायची. बोलाच बोला, पण देठं काढत बोला. त्यामुळे आमच्या गटाने त्या वर्षी सगळा राजकीय विचार मिरचीची देठं खुडत केला. तोंडाने बोलणं, हाताने देठ, आणि रंगात आल्यावर विसरून त्याच हाताने डोळा चोळणं. मग पाच मिनिटं वक्ता मोरीत.

काय बोलायचे? उमाठे साहेबांनी सायकल स्टँडवर पत्रे टाकले होते, ते गळतात. भास्करचा आवाज मोठा आहे. अध्यक्षाचा आवाज मोठा असावा की नसावा. शैलाबाई निवडून आल्या तर सभेत चहा कोणी करायचा, हा प्रश्न एकाने अगदी गंभीरपणे मांडला आणि त्यावर पाऊण तास गेला. उमाठे साहेबांचं म्हणणं, टेक्निकली चहा हा उपाध्यक्षाचा विषय आहे. कोणी संध्याकाळच्या गटात फुटणार, कोणी फुटलाच आहे, कोणाचा जावई मिहानमधल्या एका कंपनीत मोठ्या पदावर आहे आणि तो वाचनालयाला संगणक देऊ शकतो, जर सासरे निवडून आले तर. दुपारचं कोणी बोलत नव्हतं. शैला कपबश्या उचलत ऐकायची. एकदाच तिने विचारलं की दोन ते चारचं काय. तेव्हा एक जण म्हणाला की वहिनी, ते आपण निवडून आल्यावर बघू. मग पुन्हा पत्र्यांवर गेले.

मी हे सगळं ऐकत आत पुस्तक घेऊन बसलेला असायचो. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. मला वाटायचं, किती मूर्ख माणसं आहेत ही. चार वर्षांनी आज सांगतो, त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता की ती माणसं बोलत होती.

शनिवारी सकाळी उमाठे साहेब हसत हसत म्हणाले, ‘‘सरांचं कार्ड काय, घरातल्या घरातच जाणार. त्यांना विचारायचं काम नाही.’’

ते मला लागलं. आज विचार केला तर त्यात लागण्यासारखं काय होतं हे मला सांगता येणार नाही. नवऱ्याने बायकोला मत द्यावं यात लाज कसली? पण मी चाळीस वर्षं उत्तरपत्रिका नावं झाकून तपासत आलो होतो, आणि निःपक्षपाती आहे अशी माझी मीच एक प्रतिमा तयार केली होती. त्यात डॉक्टरांनी तिला दगदग नको म्हटलेलं होतं. ते कारण मी हाताशी ठेवलं. ती हरेल आणि तिला वाईट वाटेल, हे दुसरं. कारणं पुष्कळ होती आणि सगळी चांगली होती. त्या शनिवारी अकराच्या सुमाराला, हॉलमध्ये कोणी नसताना, मी माझं कार्ड भास्करच्या नकाशासंग्रहात सरकवलं. दोन वाजता तिने येऊन दार उघडलं असेल. टेबलाशेजारून गेली असेल. पुस्तकं मिटलेली होती.

रविवारी ती दिवसभर मिरच्यांत होती. संध्याकाळी हाताला तेल चोळत म्हणाली की उद्या काय होते ते होऊ द्या, परवापासून तिखट कुटायला टाकू. सोमवारी सकाळी ते पाणी गॅलरीतून मिरच्यांखाली गेलं.

सोमवारी कार्डं मोजली नाहीत. तेराव्यानंतर मोजायचं ठरलं. हे गटाने माझ्यावर उपकार केल्यासारखं मला दोनदा येऊन सांगितलं. लोक भेटायला यायचे ते त्याच गॅलरीत बसायचे. ओल्या मिरच्या कोणीतरी पुन्हा वाळत घातल्या होत्या, आणि पाणी लागलेली मिरची वाळताना जास्त झोंबते. येणारा प्रत्येक जण शिंकायचा, डोळे पुसायचा. कोण रडतंय आणि कोणाला ठसका लागलाय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. बरंच होतं एका दृष्टीने.

तिसऱ्या दिवशी उमाठे साहेब घटना घेऊन आले. मग म्हणाले की सर, तुम्ही भाषेचे माणूस आहात, एक शब्द बघा. कलम सातमध्ये ‘उमेदवार’ आहे, ‘हयात उमेदवार’ असं नाही. आता वहिनींच्या पुस्तकात ज्यांची कार्डं आहेत त्यांनी ती काढून दुसरीकडे टाकायची, की तशीच ठेवायची? दुसरा म्हणाला की एकदा दिलेलं मत परत घेता येत नाही. तिसरा म्हणाला, मग ती मतं वाया जाणार. चौथा म्हणाला, वाया कशी, ती श्रद्धांजली समजू. तिचा फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला होता, अजून खिळा ठोकायचा होता, आणि त्याच्यासमोर चार माणसं तिची मतं कोणाकडे जातील हे ठरवत होती. आणि सवयीने, कोणी न सांगता, चौघंही देठं काढत होते.

त्यांना दुष्ट म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे. त्यातल्या दोघांनी सोमवारी खांदा दिला होता. एकाच्या घरून रोज डबा येत होता. काय बोलावं हे न सुचल्यावर माणूस जे ठाऊक आहे ते बोलतो, आणि त्यांना निवडणूक ठाऊक होती. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त दार लावून घ्यावंसं वाटत होतं.

भास्कर कोपऱ्यात बसला होता. उमेदवार तोही होता. मग सूप बाजूला ठेवून म्हणाला, ‘‘चूप बसा नं गा जरासे.’’ आवाज मोठा नव्हता. एकेक करून सगळे उठले.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी भास्कर सकाळी आला. हातात पिशवी, पिशवीत व्याकरणाचं पुस्तक, त्याला पुरणाच्या पोळ्या बांधून देतात तसा दोरा गुंडाळलेला. त्याने सांगितलं की बाकीच्या दोन पुस्तकांतली कार्डं मोजली, गटाचा उमेदवार आता तोच. वहिनीच्या पुस्तकातली मोजली नाहीत. कोणी मोजायला तयार नव्हतं, आणि परतही कोणी मागितली नाहीत. ज्यांची असतील त्यांनी नवीन कार्डं करून घ्यावीत असं ठरलं.

‘‘तुझ्याकडंच राहू दे,’’ तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मी दोरा सोडला. वरचं कार्ड पाठकण्याजवळ तिरपं अडकलं होतं. त्याच्यावर भास्करचं नाव होतं.

मी पुस्तक मिटलं. त्या कार्डाखालची कार्डं मी आजपर्यंत पाहिलेली नाहीत. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: नकाशासंग्रहातली कार्डं भास्करसमोर मोजली गेली. म्हणजे त्याने माझं नाव वाचलं. शैलाविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाने शैलाला कार्ड दिलं होतं, आणि ते मोजलंच गेलं नाही. तिच्या नवऱ्याने दिलं नव्हतं, आणि ते मात्र मोजलं गेलं. आम्ही दोघांनी याबद्दल एकमेकांना कधी काही विचारलेलं नाही. रोज सकाळी तलावाला एक फेरी मारतो. जलपर्णी किती वाढली, महापालिका कधी काढणार, एवढंच बोलतो.

पुढे भास्कर अध्यक्षही झाला. पहिल्याच बैठकीत त्याने दोन ते चारची वेळ आहे तशी राहील असं लिहून घेतलं, आणि घरी येऊन किल्ली माझ्यासमोर टाकली. उघडणारं माणूस पायजे, म्हणाला. तेव्हापासून दुपारी दोनला दार मी उघडतो. मी शैलासारखा नाही. मला बायकांशी बोलता येत नाही. मी कव्हरं घालतो, तीही वाकडी. पण मी चुका काढत नाही. पहिल्या वर्षी फार जड गेलं. कुसुम मोठ्याने वाचायची आणि माझ्या तोंडाशी दुरुस्ती येऊन थांबायची. आता ती महिन्याला एक पुस्तक संपवते. कोपरे मुडपतेच. मी ते सरळ करत नाही.

आणि आता पुन्हा मार्च. भास्करचे गुडघे गेले, तो उभा राहत नाही. घड्याळाखाली परवापासून दोन पुस्तकं आहेत. एक कायद्याचं, उमाठे साहेबांचं, चार वर्षांत न बदललेलं. दुसरं एका नव्या गृहस्थांचं. दोघांच्याही पत्रकात दुपारची अभ्यासिका आहे. वाद एवढाच की ती कोणाला आधी सुचली. गॅलरीत पुन्हा माणसं बसतात. भिवापूरहून मिरच्या अजून येतात, शैलाचा भाऊ न विसरता पाठवतो, आणि मी सूप पुढे सरकवतो. सायकल स्टँडचे पत्रे अजून गळतात. टेक्निकली ते आता भास्करच्या काळात गळतात, असं उमाठे साहेबांचं म्हणणं. प्रायमरीचा विनोद कालही झाला. लोक मला विचारतात, सर, तुमचं कार्ड कोणाला? मी म्हणतो, बघू.

काल दुपारी चारला कुसुम निघताना थांबली. चप्पल पायात घालत, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘सर, निवडणूक झाल्यावर दुपारी इथं याचं का नाही याचं, ते सांगून ठेवा नं. मंग मी तशी दुसरी जागा पाहून ठेवतो.’’

तिच्या काखेत पुस्तक होतं. अर्ध्यावर मुडपलेलं.

मी ‘बघू’ म्हणणारच होतो. तो शब्द जिभेवर आला होता. म्हटला नाही, इतकंच. ती उन्हात गेली. मी कुलूप लावलं, घरी आलो, आणि कपाटातून व्याकरणाचं पुस्तक काढलं. ते फुगलेलं आहे, नीट मिटत नाही. दोरा सोडला आणि आतली सगळी कार्डं न वाचता एका लिफाफ्यात घातली. ती तिची आहेत. लिफाफा तिच्या फोटोमागे ठेवला.

आज सकाळी फिरताना तलावाच्या कठड्याशी भास्कर गुडघा चोळत दम खायला थांबला. म्हणाला, दोन्ही उमेदवार सारखेच, आणि लोक दोघांत फरक शोधून राहिले. मग म्हणाला, ‘‘तू कधी बोलशीन गा मास्तर?’’

‘‘मी उभा राहून राहिलो,’’ मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. गुडघा चोळायचा थांबला.

‘‘तू त आमच्यासारखं बोलून राहिला बाप्पा,’’ तो म्हणाला, आणि आम्ही उरलेली फेरी पूर्ण केली.

तिथून मी सरळ वाचनालयात गेलो. सकाळचे लोक वर्तमानपत्रं घेऊन बसले होते, पंखा तीनवर होता, आणि पत्र्यांवर बोलणं चाललं होतं. पिशवीतलं पुस्तक टेबलावर ठेवलं तेव्हा ते बोलणं थांबलं, आणि मी दाराशी पोचेपर्यंत पुन्हा सुरू झालं. बहुधा माझ्याबद्दल. सरांचा आवाज फारच लहान आहे, असं कोणीतरी म्हणालं.

घड्याळाखालच्या टेबलावर आता तीन पुस्तकं आहेत. तिसरं व्याकरणाचं आहे. त्यात एक कार्ड आहे. ते माझं आहे.